पूर ओसरल्यावर गावाचे नुकसान कसे मोजावे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथील धोका पातळी ४५ फूट आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील बहुतेक तीच गावे पुन्हा पाण्याखाली गेली आणि त्याच महिन्यात कोकणात वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. अशा प्रत्येक वेळी पाणी उतरू लागले की गावात एकच शब्द ऐकू येतो: पंचनामा. तो कधी होणार, कोणाचा झाला, कोणाचा राहिला, याभोवती पुढचे कित्येक आठवडे जातात. पंचनामा अत्यावश्यक आहे, कारण शासकीय मदतीचा पाया तोच असतो. परंतु पंचनामा ठरावीक निकषांत बसणारी हानी नोंदवतो. कुटुंबाचे उत्पन्न किती महिने थांबले आणि ते पुन्हा उभे राहण्यासाठी काय लागेल, हे विचारण्याची जागा त्याच्या नमुन्यात नसते. म्हणून गावाने स्वतःची मोजणी करावी, ती पंचनाम्याला पूरक ठरेल आणि पुनर्बांधणीच्या कामालाही येईल अशी असावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढील मार्गदर्शन ग्रामपंचायत, बचत गट, तरुण मंडळे आणि बाहेरून मदतीला येणाऱ्या संस्था या सर्वांसाठी लिहिले आहे. उदाहरणे मुख्यतः पुराची आहेत, कारण महाराष्ट्रात ही वेळ पुरामुळे वारंवार येते.

हानी, तोटा आणि गरज

मोजणीला बसण्यापूर्वी तीन गोष्टी मनात वेगळ्या करून घ्याव्यात. जी वस्तू मोडली, वाहून गेली किंवा मेली तिचे मूल्य म्हणजे हानी. ती वस्तू नसल्यामुळे जे उत्पन्न बुडाले किंवा जो जादा खर्च करावा लागला तो तोटा. आणि ते कुटुंब पूर्वीइतके, शक्य तर पूर्वीपेक्षा सुरक्षितपणे, उभे राहण्यासाठी जे लागेल ती गरज. मोठ्या आपत्तींनंतर संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक यांच्या पद्धतीने जे मूल्यमापन केले जाते, त्याचाही गाभा हाच आहे. गावपातळीवर त्यासाठी तीन रकान्यांची एक वही पुरते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कुटुंबाच्या दोन म्हशींपैकी एक पुरात मेली आणि गोठा पडला. म्हशीची बाजारातील किंमत ९०,००० रुपये आणि गोठ्याचे साहित्य २५,००० रुपये धरले, तर हानी १,१५,००० रुपये झाली. म्हैस दिवसाला ६ लिटर दूध देत होती आणि दर ५० रुपये होता, म्हणजे रोजचे ३०० रुपये बुडाले. पण तिच्या चारा-पेंडीचे रोजचे १२० रुपये वाचलेही, म्हणून खरा तोटा रोज १८० रुपयांचा झाला. नवी म्हैस दावणीला येईपर्यंत ९० दिवस गेले, तर तो १६,२०० रुपये होतो. वाचलेला खर्च वजा करायला अनेक जण विसरतात आणि मग फुगलेल्या आकड्यामुळे संपूर्ण वहीवरचा विश्वास उडतो. आता गरजेकडे पाहू. तीच म्हैस त्याच सखल जागी पुन्हा बांधायची असेल, तर पुढच्या पुरात हाच हिशेब पुन्हा मांडावा लागेल. म्हणून गरजेच्या रकान्यात ‘म्हैस’ एवढेच न लिहिता ‘म्हैस, उंच ओट्यावरचा गोठा आणि पूरकाळात गुरे हलवण्यासाठी ठरलेली जागा’ असे लिहावे लागते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार दुभत्या म्हशीसाठी ३७,५०० रुपये आणि गोठ्यासाठी ३,००० रुपये ठरवलेले आहेत. उरलेली तफावत कोण आणि कशी भरून काढणार, हा पुनर्बांधणीतला खरा प्रश्न आहे. तीन रकाने भरल्याशिवाय तो प्रश्न कागदावर दिसतच नाही.

कोरड्या दिवसांत करायची तयारी

पूर्वी काय होते याची नोंद नसेल, तर काय गेले हे सिद्ध करता येत नाही. म्हणून मे महिन्यातच काही कामे उरकावीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, प्रत्येक घराची नोंद आहे का, बांधकामाचा प्रकार बरोबर लिहिला आहे का, हे तपासावे. सातबारा आणि ८-अ यांवर वारस नोंदी राहिल्या असतील, तर त्या करून घ्याव्यात. मयत आजोबांच्या नावावरील जमिनीची मदत अडकून पडते, हा अनुभव गावोगावचा आहे. पेरणीनंतर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, वेळेत करावी. जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत. घराची बाहेरून आणि आतून छायाचित्रे काढून ती गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावीत, कारण पुरात पुष्कळदा मोबाइलही हातचा जातो.

पहिले दोन दिवस

या दिवसांत पैशांचा हिशेब करू नये. मृत, बेपत्ता आणि जखमी किती, किती घरे सध्या राहण्यायोग्य नाहीत, पिण्याचे पाणी आहे का, औषधावर अवलंबून असलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले कोठे आहेत, रस्ता व वीज कधीपर्यंत सुरू होईल, एवढेच विचारावे. ज्या घरात मृत्यू झाला आहे, तेथे पहिल्या दिवशी नमुना घेऊन कोणीही जाऊ नये.

पाहणीला जाणाऱ्यांनी गमबूट घालावेत आणि हातात काठी ठेवावी. चिखलात साप, काचा आणि पत्रे असतात. महावितरणकडून खात्री होईपर्यंत कोणत्याही घराचा मुख्य स्विच चालू करू देऊ नये. सर्वाधिक सावधगिरी मातीच्या घरांबाबत लागते. मातीच्या भेंड्यांची किंवा दगड-मातीची भिंत पुष्कळदा पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, वाळत असताना, कोसळते. म्हणून ‘पुरात टिकले’ म्हणून माणसे घाईने परत येतात, तेव्हाच धोका अधिक असतो. घरांवर तीन रंगांची खूण करणे सोयीचे जाते: राहण्यास हरकत नाही ते हिरवे, दिवसा जाऊन सामान काढता येईल ते पिवळे आणि आत पाऊल टाकू नये ते लाल. ही खूण केवळ तात्पुरत्या सुरक्षिततेपुरती असते आणि तिचा मदतीच्या रकमेशी संबंध नसतो, हे मोठ्याने सांगावे. तसे सांगितले नाही तर लाल खुणेसाठी आग्रह सुरू होतो.

पथक आणि नोंदीची पद्धत

अधिकृत पंचनामा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) यांनी पंचांसमक्ष करायचा असतो. गावाच्या पथकाने त्यांच्या कामात अडथळा न आणता आपली वही तयार ठेवावी आणि ते आले की तिची प्रत त्यांच्या हाती द्यावी. चार जणांचे एक पथक बरे पडते: एक लिहिणारा, एक छायाचित्रे काढणारा, एक बांधकाम समजणारा गवंडी आणि एक स्त्री. पथकात स्त्री असावी हा माझा हट्ट आहे. घरातील कर्त्या पुरुषाला विचारले, तर तो जमीन, मोटार आणि गाडी सांगतो. घरातील स्त्रीला वेगळे विचारले, तर शिलाई मशीन, वर्षाचे भरलेले धान्य, बचत गटाचा थकलेला हप्ता आणि गहाण पडलेले मंगळसूत्र कळते. शक्यतो पथकाने स्वतःच्या गल्लीची नोंद करू नये.

छायाचित्रासाठी अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटवणारे कॅमेरा अॅप वापरावे. प्रत्येक नुकसानीची तीन छायाचित्रे हवीत: ओळखीची खूण दिसेल असे लांबून, संपूर्ण वस्तू दिसेल असे मधून, आणि मोजपट्टी ठेवून जवळून. कुटुंबाला वहीत एकच क्रमांक द्यावा आणि तो पाटीवर लिहून छायाचित्रात धरावा, म्हणजे नंतर फोटोंची सरमिसळ होत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे पुष्कळ अर्ज फेटाळले जातात ती सांगतो. मदतीच्या निकषांना उंबरठे असतात आणि तो उंबरठा ओलांडला आहे हे नोंदीतून दिसावे लागते. शेतीपिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. पडझड झालेल्या घराचे नुकसान किमान १५ टक्के असावे लागते. शेतातील गाळ काढण्याच्या मदतीसाठी थर ३ इंचांहून अधिक हवा. कपडे व भांड्यांच्या मदतीसाठी, घर पूर्ण पडलेले किंवा वाहून गेलेले नसेल, तर ते दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असावे लागते. म्हणून ‘घरात पाणी शिरले’ असे लिहून भागत नाही. पाणी कोणत्या तारखेला किती वाजता शिरले, जोत्यापासून किती फूट चढले आणि कधी उतरले, हे लिहावे. भिंतीवरील गाळाची रेघ पुसण्यापूर्वी तिची उंची मोजून छायाचित्र घ्यावे. गृहिणी स्वच्छतेला लागली की हा पुरावा तासाभरात धुतला जातो.

घरे

घराभोवती एक फेरी बाहेरून मारावी, मगच आत जावे. पाया खचला आहे का, जोत्याखालची माती वाहून गेली आहे का, भिंत ओळंब्यात आहे का, हे आधी पाहावे. खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरक्या गेलेल्या भेगा पाया हलल्याचे सांगतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा वरवरच्या असतात. संशय असेल तेथे भेगेवर आडवी प्लॅस्टरची पट्टी लावून तिच्यावर तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी पट्टी तडकलेली दिसली, तर भेग अजून वाढते आहे. छपराचे वासे आणि तुळया भिंतीत टेकतात तेथे कुजल्या किंवा सरकल्या आहेत का, हेही पाहावे.

टक्केवारी अंदाजाने लिहू नये. भिंती, छप्पर, जमीन, दारे-खिडक्या आणि वीज-पाणी अशी घराची विभागणी करून प्रत्येकाच्या दुरुस्तीचा खर्च गवंड्याकडून घ्यावा आणि तो तसेच घर नव्याने बांधण्याच्या खर्चाशी ताडून पाहावा. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरासाठी वर सांगितलेल्या काळाच्या निकषांनुसार १,२०,००० रुपये आहेत, तर अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये. ‘पूर्ण’ आणि ‘अंशतः’ या दोन शब्दांमधले अंतर इतके मोठे असल्यामुळे, तीन भिंती गेलेले आणि एक उभी राहिलेले घर काळजीपूर्वक तपासावे. ती उरलेली भिंत वापरून पुन्हा बांधता येईल का, हा प्रश्न विचारावा. येत नसेल, तर कनिष्ठ अभियंत्याकडून तसा अभिप्राय लेखी घ्यावा.

शेती आणि जनावरे

क्षेत्र मोजताना एकक जपावे. शासकीय हिशेब हेक्टर आणि आर यांत असतो. १ गुंठा म्हणजे जवळपास १ आर आणि ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर. त्याच काळाच्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असून मर्यादा २ हेक्टरची आहे. राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढून यात बदल करते, म्हणून त्या-त्या आपत्तीचा निर्णय वाचूनच बोलावे.

नुकसानीची टक्केवारी बांधावर उभे राहून ठरवू नये. शेतात तिरके चालत जाऊन पाच ठिकाणे घ्यावीत, प्रत्येक ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकट आखावी आणि आतील एकूण रोपे व मेलेली रोपे मोजावीत. पाच ठिकाणी अनुक्रमे ८०, ६०, २०, ४० आणि ५० टक्के आले, तर सरासरी ५० टक्के. रस्त्याकडेची एकच चांगली किंवा एकच वाईट जागा निवडण्याचा मोह दोन्ही बाजूंनी टाळावा.

उसाच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची आहे. पाण्यातून वर आलेला ऊस पहिल्या आठवड्यात हिरवा दिसतो आणि ‘नुकसान नाही’ अशी नोंद होऊन जाते. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ शिरलेला असेल, तर शेंडा नंतर कुजतो, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात आणि वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. म्हणून उसाची पाहणी दोनदा करावी: पाणी उतरताच आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. पहिल्या नोंदीत ‘शेंडा पाण्याखाली किती दिवस’ हे लिहून ठेवले, तर दुसऱ्या पाहणीची मागणी पुराव्यानिशी करता येते.

जमिनीचे नुकसान पिकापेक्षा वेगळे नोंदवावे. गाळाची जाडी पाच ठिकाणी काठी रोवून मोजावी. जेथे माती खरडून मुरूम उघडा पडला आहे, तेथे किती खोल माती गेली हे शेजारच्या शाबूत बांधाशी ताडून लिहावे. पीक एका हंगामाचे असते. खरडलेली जमीन कित्येक वर्षे उत्पन्न देत नाही. नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर, पाइपलाइन आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे जॅकवेल (नदीतून पाणी उपसण्याची विहीर) यांची यादी वेगळी करावी, कारण एक जॅकवेल बंद पडले की ज्यांच्या शेतात पाणी आलेच नाही अशांचाही पुढचा हंगाम धोक्यात येतो. पीक विम्याचे नियम आणि सूचनेची मुदत पंचनाम्याहून स्वतंत्र असतात. एक झाले म्हणजे दुसरे आपोआप होते, असे समजू नये.

मेलेले जनावर पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची नोंद आणि बिल्ल्यासह छायाचित्र घ्यावे. रोगराईच्या भीतीने थांबणे शक्य नसेल, तर किमान दोन पंचांच्या सह्या आणि छायाचित्र तरी ठेवावे.

कागदावर नसलेली माणसे

सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस नुकसानीच्या यादीतही नसतो. खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, पाणंदीकडेला पाल ठोकून राहणारे कुटुंब, टपरीवाला, दुसऱ्याच्या विणकामाच्या मागावर काम करणारा कामगार, ज्याची रोजंदारी महिनाभर बंद पडली तो शेतमजूर: यांची हानी थोडी दिसते, पण तोटा सर्वांत मोठा असतो. पथकाने मिळकत-पत्रकाऐवजी चुलीनुसार मोजणी करावी. एका छताखाली तीन चुली असतील, तर तीन कुटुंबे लिहावीत. वाटेकऱ्याबाबत मालकाकडून साधे संमतीपत्र घेता येते का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे. मदतीची रक्कम मालकाच्या खात्यात जमा झाल्यावर हे संभाषण फार अवघड होते. जमिनीच्या सामाईक खात्यातील भावांचे संमतीपत्रही तेव्हाच घ्यावे. मजुरांना शासकीय यादीत जागा मिळाली नाही, तरी गावाच्या वहीत ती असावी, म्हणजे रोजगार हमीची कामे मागताना किंवा एखादी संस्था मदतीला आली असता यादी तयार असते.

सार्वजनिक नुकसान

शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पाणी योजना, पूल, स्मशानभूमी आणि विजेची डीपी (वितरण पेटी) यांची नोंद करताना वास्तूबरोबर सेवाही लिहावी: किती मुलांची शाळा किती दिवस बंद आहे, कोणत्या वस्तीला किती लांबून पाणी आणावे लागते. दुरुस्तीचा क्रम याच माहितीवरून ठरतो.

यादीचे वाचन

तयार झालेली यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि फलकावर लावावी. चावडी वाचनाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि या कामाला ती अगदी साजते. कोणाचे राहिले ते तेथेच कळते आणि कोणी जास्त लिहवून घेतले, तेही तेथेच उघड होते. हरकतींसाठी तीन-चार दिवस द्यावेत आणि दुरुस्ती केल्यावर जुनी नोंद खोडून न टाकता तिच्यावर एक रेघ मारून नवी लिहावी. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे त्याच वेळी तपासावे. शासकीय यादीत विशिष्ट क्रमांक (लाभार्थ्याचा ओळख क्रमांक) आल्यावर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करावी लागते आणि ती न केल्यामुळे मंजूर झालेली रक्कमही पडून राहते. वृद्धांना सेवा केंद्रापर्यंत नेण्याची जबाबदारी ठरावीक तरुणांवर सोपवावी.

मोजणीतून पुनर्बांधणीकडे

गरजेचा रकाना भरताना एक प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहून विचारावा: हे का पडले? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जी घरे कोसळली, ती बहुतांशी जाड दगड-मातीच्या भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद (सपाट छप्पर) असलेली होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हे कारण नोंदले गेल्यामुळेच पुढे उभ्या असलेल्या घरांच्या मजबुतीकरणाला दिशा मिळाली. त्याच पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे भक्कम होती, परंतु आखीव रस्त्यांच्या विस्तीर्ण वसाहतींत शेत दूर गेले, गुरांना आणि कडब्याला जागा अपुरी पडली आणि भावकीची घरे विखुरली, अशा तक्रारी लोकांनी दीर्घकाळ केल्या. म्हणून स्थलांतराचा विचार असेल, तर कुटुंब दिवसभरात कोठे-कोठे जाते, गुरे कोठे बांधते, शेजार कोणाचा आहे, हेही मोजणीच्या वहीत यायला हवे.

पूरगावांत हाच प्रश्न जागेचा ठरतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावर असते. पडलेले प्रत्येक घर त्या नकाशावर टिंबाने दाखवावे. निळ्या रेषेच्या आत दाटलेली टिंबे दिसली, की तेथे त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा बांधणे किती शहाणपणाचे आहे, यावर ग्रामसभेत निदान मोकळी चर्चा होऊ शकते. जेथे हलणे शक्य नाही, तेथे जोते उंच करणे, जमिनीपासून पुराच्या रेघेपर्यंतचे बांधकाम सिमेंटमध्ये करणे, मीटर व स्विचबोर्ड वर घेणे आणि धान्यासाठी माळा करणे ही कामे गरजेच्या रकान्यात खर्चासह लिहावीत.

शाळेच्या भिंतीवर, मंदिराच्या खांबावर आणि विजेच्या दोन-तीन खांबांवर तैलरंगाने पाण्याची सर्वोच्च रेघ आणि तारीख रंगवून घ्यावी. वहीच्या तीन प्रती कराव्यात: एक ग्रामपंचायतीत वरच्या कपाटात, एक तहसील कार्यालयात पोच घेऊन आणि एक गावाबाहेर. सहा महिन्यांनी त्याच पथकाने त्याच क्रमांकांच्या घरी पुन्हा जावे आणि प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहाव्यात: किती मदत मिळाली, किती कर्ज काढले आणि काय अजून उभे राहिलेले नाही.